आपल्या माणसाला टिप कशी द्यायची

हिवाळ्यात ग्वाल्हेरचा किल्ला जमिनीवर नसतो. पर्यटकांना हे सांगितलं की ते हसतात, पण मी स्वतः त्याच्या खालून हात घालून पाहिलेला आहे. पहाटेचं धुकं त्याला हातभर वर उचलतं, आणि दुपारी ऊन तापलं की तो एखाद्या दमलेल्या हत्तीसारखा हळूच खाली बसतो. बसताना बारीकसा आवाज होतो. हजिऱ्याकडे राहणाऱ्यांना तो ऐकू येतो. आम्हा लष्कर मोहल्ल्यातल्यांना नाही, कारण आमच्या बाजूला दिवसभर हातगाड्यांचा खडखडाट असतो.

मी या किल्ल्यावर गाइड आहे. माझे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून इकडे आले, असं आमच्या घरी सांगतात. घोडा कोणाचा होता ते कोणी सांगत नाही. तेव्हापासून आम्ही इथेच आहोत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. दोन्हींच्या मधल्या उंबऱ्यावर जी भाषा तयार होते, ती आमची.

माझ्याबरोबर एक ड्रायव्हर असतो. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. तो हजिऱ्याचा, हिंदीत जन्मलेला आणि हिंदीतच घोरणारा. त्याची गाडी पांढरी आहे आणि तो ती इतकी हळू चालवतो की एकदा किल्ल्याच्या उरवाई दरवाजाच्या चढावर टपावर चिमणीनं घरटं बांधलं, आणि आम्ही वर पोचेस्तोवर पिल्लं उडून गेली होती. घाई करणारं गिऱ्हाईक त्याला चालत नाही. तो म्हणतो, चढ हा झोपेसारखा चढायचा असतो. खरं सांगायचं तर त्या गाडीत बसलं की पेंग येतेच. काचेवर धुकं, आत इंजिनाची ऊब, आणि खडकात कोरलेल्या त्या प्रचंड जैन मूर्ती एकामागून एक काचेजवळ येऊन आत वाकून बघणाऱ्या. अर्धी गिऱ्हाइकं अर्धा किल्ला स्वप्नात बघतात आणि घरी जाऊन म्हणतात, काय सुंदर आहे.

उस्तादचा आणि माझा करार एवढाच: जी टिप मिळेल ती अर्धी त्याची, अर्धी माझी. गाडीचं भाडं एजन्सीकडे जातं, गाइडची फीदेखील तिथूनच गाळून, निथळून आमच्यापर्यंत येते. टिप मात्र थेट हातात पडते. तिच्यावरच आमचा चहा, उस्तादचं पान, आणि हिवाळा नावाचा आमचा एकुलता एक सीझन उभा असतो.

आता या धंद्यातली एक अडचण सांगतो. ती फक्त मराठी गाइडलाच येते.

सुरुवातीला मी मराठी गिऱ्हाईक दिसलं की छाती फुगवून मराठीत बोलायचो. ते लोक थरारून जायचे. "अय्या, तुम्ही मराठी? इथे?" मग आडनाव विचारायचं, मूळ गाव विचारायचं, कोणाच्या तरी मावसजावेचं माहेर इकडंच निघायचं. दुपारपर्यंत मी कोणाचा तरी दूरचा दीर झालेला असायचो. आणि संध्याकाळी, निरोपाच्या वेळी, गृहस्थाचा हात पाकिटाकडे जायचा, तिथे घुटमळायचा आणि रिकामाच परत यायचा. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरची लाज असायची. आपल्याच माणसाला टिप कशी द्यायची? वेटरला देतात, हमालाला देतात. घरच्या माणसाच्या हातावर नोट ठेवायची म्हणजे त्याचा अपमानच की. मग पिशवीतून डबा निघायचा. बेसनाचे लाडू. बाकरवडी. एकदा एका बाईंनी मला गोडा मसाला दिला होता. आणि वर आमंत्रण: पुण्याला आलात की थेट घरी यायचं हं. पुणे, सांगली, नाशिक, सातारा इथली एवढी आमंत्रणं माझ्याकडे जमली आहेत की उरलेलं आयुष्य मी फुकट जेवू शकेन. अडचण फक्त रेल्वेच्या तिकिटाची आहे.

उस्तादला यातलं काहीच कळायचं नाही. त्याला टिप द्यायलाही ते लोक विसरायचे, कारण तो माझ्याबरोबरचा, म्हणजे तोदेखील घरचाच. एका संध्याकाळी मी त्याच्या वाट्याचा अर्धा लाडू त्याला दिला. त्यानं तो डॅशबोर्डवर ठेवला, बराच वेळ पाहिला आणि शांतपणे विचारलं, "भाऊ, ये टंकी में डालूँ तो गाड़ी चलेगी?"

त्या दिवसापासून किल्ल्यावर मी हिंदी झालो. मराठी गिऱ्हाईक आलं की गळ्यात गमछा, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि तोंडात चंबळचं पाणी प्यायलेली हिंदी. उस्ताददेखील मला अशा दिवशी "भाऊ" न म्हणता "पंडितजी" म्हणतो.

आणि मग काय ऐश्वर्य उघडलं म्हणता. मागच्या सीटवरचे लोक माझ्यादेखत, माझ्याबद्दल, मनमोकळं मराठी बोलायला लागले. माझी टिप माझ्या पाठीमागे शेअर बाजारासारखी चढायची, उतरायची, आणि मी समोर काचेतून बघत ती ऐकायचो. एखादी गोष्ट रंगली की मागे कुजबुज व्हायची, "बरा सांगतो हो, पिवळी द्या," म्हणजे दोनशेची. एखाद्या राजाचं नाव चुकलं की, "जांभळी पुरे," म्हणजे शंभर. मग मी लगेच पुढच्या वळणावरची मूर्ती दाखवायचो आणि सांगायचो की ही दर पावसाळ्यात बोटभर वाढते. आमच्या आजोबांच्या वेळी तिचा गुडघा दिसायचा तिथे आता घोटा आहे. मागे शांतता. मग हळूच, "पिवळीच देऊ या."

आता एका दिवसाबद्दल.

जानेवारी होता. धुकं असं की स्टेशनाजवळच्या हॉटेलच्या पायऱ्या खालून वर विरघळत गेल्या होत्या, आणि गिऱ्हाईक त्यातून तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. आधी बूट, मग कोट, मग चेहरे. तिघं होते. एक म्हातारे गृहस्थ, पुण्याचे, तपकिरी कोटातले. त्यांचा मुलगा आणि सून. म्हाताऱ्यांच्या हातात करड्या रंगाचा मफलर होता, गळ्यात नव्हता. सून म्हणाली, "बाबा, मफलर घाला." ते म्हणाले, "हो." आणि हातातच ठेवला.

मी नमस्कार केला, "आइए साहब, आइए बाबूजी," म्हटलं आणि पुढे बसलो. गाडी सुटली, म्हणजे सुटल्यासारखी वाटली.

मुलानं मागून मराठीत विचारलं, "याला शेवटी किती द्यायचे गं?"

"बघू कसा सांगतो ते," सून म्हणाली. "चष्मा बघितलास का? एवढ्या धुक्यात काळा चष्मा. जांभळी पुरे."

मी चष्मा काढून खिशात ठेवला. उस्तादनं माझ्याकडे पाहून मिशीत हसून घेतलं. त्याला मराठी येत नाही, पण रंगांची नावं तो शिकला आहे.

त्या सकाळी मी अशा सुरात होतो की माझा मलाच विश्वास बसत होता. हत्तीदरवाजातून पूर्वी गेलेले हत्ती धुक्यात अजून कधीकधी उलटे चालत येतात, असं मी सांगितलं, आणि नेमका त्याच क्षणी धुक्यात काहीतरी मोठं, राखाडी हललं. म्हैस असावी. पण सुनेनं नवऱ्याचा हात धरला, आणि भाव पिवळीवर गेला. निळ्या फरशीच्या बदकांची ओळ भिंतीवर दिसली तेव्हा मी म्हटलं, ही बदकं ऊन पडलं की पोहतात, जरा थांबा. आम्ही थांबलो. ऊन पडलं. मला तरी ती हललेली दिसली. मुलगा म्हणाला, "काही म्हण, माणूस धमाल आहे. राखाडी देऊन टाकू." राखाडी म्हणजे पाचशे. उस्ताद गाडीला टेकून उभा होता, त्यानं हा शब्द लांबून ओळखला आणि एकदम टपावरची धूळ पुसायला लागला.

फक्त म्हातारे बोलत नव्हते. ते माझ्या गोष्टी ऐकत नव्हते, पण काहीतरी ऐकत मात्र होते. चहावाला बोलला की मान वळवायचे. शाळेच्या सहलीतल्या मुली ओरडत गेल्या की थांबायचे. तिकीट खिडकीपाशी दोन बायका भांडत होत्या, तिथे तर ते कितीतरी वेळ उभे राहिले, आणि मग मान हलवून परत आले, जणू चुकीचं स्टेशन लागलं.

दुपारी तेली मंदिराच्या हिरवळीवर बसलो. किल्ला तोवर खाली टेकला होता. ऊन असं की डोळे आपोआप मिटावेत. पोपट शिखरातून उडायचे आणि हवेतच विसावल्यासारखे वाटायचे. सुनेनं डबा उघडला. मी बाजूला, गमछा तोंडावर घेऊन आडवा झालो. हा माझा ऐकण्याचा खास आसनप्रकार आहे.

म्हातारे म्हणाले, "इथे मराठी कोणी बोलतच नाही का गं आता?"

"असतील की बाबा. शहरात असतील."

"तुझी सासू इथली. तुला ठाऊक आहे. पण तू तिची ती भाषा ऐकली नाहीस. लग्न होऊन आली तेव्हा घरात सगळ्यांना काय हसू यायचं. 'चहा पिऊन घ्या, ठंडा होऊन जाईल.' 'जरा ऊन खाऊन घ्या.' माझ्या बहिणी तिची नक्कल करायच्या. मीसुद्धा. वर्षभरात तिनं ते सगळं टाकलं. आमच्याहून शुद्ध बोलायला लागली." "फक्त राग आला की ग्वाल्हेर बाहेर यायचं. मफलर घातला नाही म्हणून मला ओरडायची ना, तेव्हा. मी मुद्दाम घालायचो नाही."

एक खार डब्यापर्यंत येऊन परत गेली.

"तेवढंच एकदा ऐकायला आलो होतो," ते म्हणाले. "किल्ल्याचं काय, किल्ला चित्रातही बघता येतो."

गमछ्याखाली मला एकाएकी घाम आला. कारण ते जे शोधत होते ते त्यांच्यापासून दोन हातांवर गवतात आडवं पडलं होतं. मी तोंड उघडलं असतं तर तीच भाषा बाहेर पडली असती. माझ्याजवळ दुसरी नाहीच. पण तोंड उघडलं की मी आपला माणूस, आणि आपला माणूस झालो की राखाडी नोट गेली आणि बाकरवडी आली. माझी एकट्याची असती तर एक वेळ. अर्धी उस्तादची होती.

मी उठलो आणि पाणी आणायच्या निमित्तानं गाडीपाशी गेलो. उस्तादला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "पंडितजी, आज मुँह से मराठी निकली, तो कल से आप किसी और की गाड़ी में बैठना।"

"बाबूजी का मुँह देखो, उस्ताद।"

त्यानं पाहिलं. म्हातारे उन्हात बसून होते, मफलर मांडीवर, एखादं आजारी मांजर घेऊन बसावं तसा. उस्ताद बराच वेळ पान चघळत राहिला. मग त्याच्या डोक्यात जी युक्ती आली ती इतकी उत्तम होती की ती माझीच आहे असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. तो म्हणाला, "आप क्यों बोलोगे? भाभीजी हैं न।"

भाभीजी म्हणजे माझी बायको. मी तिथूनच फोन लावला. आमच्यात ठरलेलं आहे: मी फोनवर हिंदीत बोललो की तिनं समजायचं, गिऱ्हाईक जवळ आहे. मुलगा तोवर गाडीपाशी आला होता, म्हणून मी म्हटलं, "नमस्ते बहनजी, पूना के मेहमान हैं, किसी मराठी परिवार से मिलना चाहते हैं।" पलीकडून ती म्हणाली, "घेऊन या. दूध आहे."

म्हाताऱ्यांना मी हिंदीत सांगितलं की लष्करात माझ्या ओळखीचं एक मराठी घर आहे, चहाला चला. ते उठले ते हात न टेकता उठले.

आम्ही राहतो ते दाल बाजारात, एका घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामाच्या वर. खाली दिवसभर तूरडाळीची पोती पडत असतात आणि प्रत्येक पोत्याबरोबर पिवळी धूळ उठून आमच्या खिडकीतून आत येते. वर्षभरात एवढी धूळ येते की आमच्या घरी वरणात वेगळी डाळ घालावी लागत नाही. दुपारी तिरपं ऊन आलं की सगळी खोली हळदीच्या पाण्यात बुडाल्यासारखी दिसते; माणसं त्यात सावकाश हलतात, आवाजसुद्धा जरा उशिरा पोचतात. त्या पिवळ्या उजेडात मी माझ्याच घराच्या दारात परक्यासारखा उभा राहिलो आणि म्हटलं, "बहनजी, अंदर आ जाएँ?"

बायकोनं ठेवणीतली साडी नेसली होती. भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोवर तिनं कॅलेंडर टांगलं होतं; मी मनातल्या मनात तिच्या पाया पडलो. मग ती बोलली.

"यावं, यावं. आपलं स्वागत असो. आपण बसावं. प्रवासात काही त्रास तर झाला नाही ना?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. ही कोण बाई? ती जणू आकाशवाणीवरच्या बातम्या वाचत होती. पुण्याची माणसं घरात आली म्हणून तिनं आपली रोजची बोली आतल्या खोलीत कोंडून ठेवली होती आणि कुठून तरी पाठ्यपुस्तकातली भाषा नेसून आली होती. आणि मी तिला तेवढंच सांगायचं विसरलो होतो की, बाई गं, जशी बोलतेस तशी बोल. आता सांगणार कसं? मी तर हिंदी होतो.

"आपण चहा घ्याल ना?" ती म्हणाली. "साखर किती घालू?"

म्हातारे कान देऊन बसले होते. मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. ती एकेक शुद्ध वाक्य बोलत गेली आणि ते हळूहळू कोटात मागे सरकत गेले. विचारपूस झाली. सुनेनं पडद्यांचं कौतुक केलं. म्हातारे फार सौजन्यानं म्हणाले, "छान वाटलं हो. तुमचं मराठी अगदी आमच्यासारखंच आहे."

बायको लाजून लाल झाली. तिला वाटलं, आयुष्यातलं बक्षीस मिळालं. आणि म्हाताऱ्यांनी मफलर उचलला, उठायच्या बेतानं.

दारात उकिडवा बसलेला उस्ताद मला डोळ्यांनी विचारत होता, हो गया? मी मान हलवली, नहीं हुआ. मग मला आठवलं ते हिरवळीवर काय म्हणाले होते. राग आला की ग्वाल्हेर बाहेर यायचं.

माझ्या बायकोला राग आणणं ही काही अवघड विद्या नाही. त्यात मी या शहरात अद्वितीय मानला जातो. मी चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, "बहनजी, चाय में अदरक कुछ कम है।"

ती गोड हसली. "असं का? क्षमा असावी. दुसरा करून आणते."

मी थक्क झालो. मी कप खाली ठेवताना मुद्दाम पाटावरच्या धुतलेल्या कपड्यांवर थोडा सांडला. तिच्या भुवया हलल्या, पण ओठ हसतच राहिले. "हरकत नाही हं, होतं असं."

म्हातारे उभे राहिले होते. सून पर्स सावरत होती. मुलाचा हात, मी पाहिलं, कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला होता, आणि पाकिटाच्या कडेतून एक राखाडी कोपरा बाहेर आलेला दिसत होता. उस्तादनंही पाहिला. त्याचे डोळे त्या कोपऱ्यावर असे टेकले होते जसे भाविकांचे कळसावर.

मी उठलो. मी बूट काढले नव्हते. गाइड लोक दारातच बसतात म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. किल्ल्याची सगळी धूळ त्यांना होती. त्या बुटांनी मी खोली ओलांडली, तिनं पुसून आरशासारखी केलेली स्वयंपाकघराची फरशी ओलांडली, आणि माठाचं झाकण काढून मघाशी पाणी प्यायलेला माझा उष्टा ग्लास त्यात बुडवला.

मागून उस्तादचा आवाज आला, अगदी बारीक, "भाऊ, नहीं..."

मग आमच्या घरात पडायचं ते आभाळ पडलं.

"अहो, डोकं फिरून गेलं आहे का तुमचं? जुते घालून सीधे आतमध्ये घुसून राहिले? आणि उष्टा ग्लास माठात? सकाळपासून घासून घासून कंबर तुटून गेली माझी, आणि हे पूर्ण किल्ल्याची मिट्टी इथं आणून टाकून देतात. आता उभे राहून बघून काय राहिले? काढा न ते जुते. लग्न होऊन इतके साल झाले, आणि या माणसाला अक्कल काही येऊन नाही राहिली."

पोती पडायची थांबली. निदान मला तसं वाटलं. खोलीतली पिवळी धूळ हवेत जिथल्या तिथे उभी राहिली. मुलगा तोंड उघडं ठेवून माझ्याकडे, मग बायकोकडे, मग कॅलेंडरकडे बघत होता. सून पुटपुटली, "म्हणजे हे मराठी... सकाळपासून... अगं आई, जांभळी."

म्हातारे मात्र पुन्हा खुर्चीत बसले होते. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू.

बायकोचा बांध फुटला होता आणि फुटलेला बांध माणूस बघून वाहत नाही. ती त्यांच्याकडे वळली. "आणि काका, तुम्ही हसून काय राहिले? मफलर हातात धरून बसले केव्हापासून. गळ्यात काय झालं त्याला? ही ठंडी आहे ग्वाल्हेरची, चुपचाप छातीत बसून जाईल, मग कोण पाहील तुम्हाला? घाला बरं आधी."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. फक्त म्हणाले, "घालतो गं."

हा "गं" माझ्या बायकोला नव्हता. हे तिलाही समजलं. ती पदरानं हात पुसत उभी राहिली. त्यांनी मफलर गळ्याभोवती घेतला, एक वेढा, दुसरा वेढा, फार सावकाश. सून खिडकीकडे तोंड करून डाळीची पोती बघायला लागली.

मग मी सगळं सांगितलं. आता लपवायला काय उरलं होतं? मी सांगितलं, मराठीत, उंबऱ्यावरच्या आमच्या मराठीत, आणि म्हातारे प्रत्येक वाक्याला मान डोलवत राहिले, जसं गाणं ऐकतात. बायकोनं कपाळावर हात मारला आणि फोटोवरचं कॅलेंडर काढलं. आडनावं विचारून झाली, गावं विचारून झाली. आणि मग ते घडलं जे मला दुपारपासून ठाऊक होतं. मुलानं लाजून तो राखाडी कोपरा परत आत ढकलला. "आता तुम्हाला काय देणार," तो म्हणाला. "तुम्ही तर आपलेच." सुनेनं पिशवीत हात घातला. मी बाकरवडीचा वास आधीच ओळखला.

दारातून उस्ताद उठला. हात जोडून, अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "साहब, मैं मराठी नहीं हूँ।"

म्हातारे एवढे हसले की मफलर सुटला, आणि बायको पुन्हा ओरडली, आणि त्यांनी तो पुन्हा घातला. उस्तादच्या हातात नोट पडली. राखाडी. त्यानं ती डोळ्यांना लावली.

माझी कथा इथे संपायला हवी होती. पण माझी बायको विचारात पडली होती. ती म्हणाली, "एक मिनिट रुका. काकू इथल्या होत्या न? म्हणजे तुम्ही तर ग्वाल्हेरचे जावई झाले." तिचा स्वर बदलला. "जावईबापू कधी खाली हात जातात का घरातून?"

तिनं कुंकवाचा करंडा काढला, म्हाताऱ्यांना गंध लावलं, आणि माझ्याकडे न बघता माझ्यापुढे हात पसरला. "काढा."

माझ्या खिशात काळा चष्मा होता आणि चण्याची पुडी. मी उस्तादकडे पाहिलं. त्यानं मान फिरवली. मी बघतच राहिलो. ती हात पसरूनच होती. शेवटी त्यानं एक मोठा उसासा टाकला, असा की खालच्या गोदामातली धूळ उडाली, आणि आत्ताच डोळ्यांना लावलेली ती राखाडी नोट माझ्या बायकोच्या हातावर ठेवली. तिनं तिच्यावर एक रुपया ठेवला, आणि दोन्ही मिळून पुण्याच्या पर्यटकाच्या हातात दिली. घेणाऱ्यानं ती घेतली. जावई नाही म्हणत नाहीत.

गिऱ्हाइकाला टिप देणारा मी हिंदुस्थानातला एकमेव गाइड असेन.

संध्याकाळी आम्ही त्यांना स्टेशनावर सोडलं. उस्तादनं गाडी इतकी हळू चालवली की रस्त्यावरचे दिवे एकेक करून आमच्या आधी पुढे जाऊन लागत होते. म्हातारे मागे झोपले होते, मफलर गळ्यात, नोट आणि रुपया मुठीत. कोणी त्यांना उठवलं नाही. किल्ला बाजूला उभा होता, आणि धुकं त्याच्या पायांखाली शिरायला लागलं होतं. परत येताना उस्तादनं तोंडात पान टाकलं. मग म्हणाला, "भाऊ, जमाई आपके, नोट मेरा। ये कैसी रिश्तेदारी है?" माझ्या मांडीवर बाकरवडीचा डबा होता. मी तो उघडून त्याच्यापुढे धरला. त्यानं मूठ भरून घेतली.

तेव्हापासून म्हाताऱ्यांचा फोन येतो. बहुधा दुपारचा, खोलीत पिवळं ऊन असताना. माझ्याशी ते फार बोलत नाहीत. म्हणतात, वहिनींना द्या. बायको साडी सारखी करते, घसा साफ करते, आणि अजूनही, इतकं होऊनही, पुण्याचा फोन म्हटलं की सुरू करते, "नमस्कार, कसे आहात आपण? प्रकृती कशी आहे?" पलीकडे ते काही बोलत नाहीत. थांबतात. त्यांना घाई नसते.

मी दाराशी जातो, पायात बूट चढवतो, आणि स्वयंपाकघराकडे निघतो.